वैनगंगेकडून तेरणेकडे (भाग १)

२८ सप्टेंबर. भंडारा ते यवतमाळ

भंडाऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीतली ही माणसं किल्लारीला निघाली आहेत ती देवदर्शनाला नाही आणि सहलीलाही नाही. गाडीत पाळक आहेत, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत, बांधकामाचा एक ठेकेदार आहे आणि कॉलेजातली दोन पोरं आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा शहरात शिरली तेव्हा यांनी खिचडी शिजवून वाटली होती. पाठोपाठ जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले. त्यातले बरेच कोणी उचललेच नाहीत. संकट आल्यावर नेमकं काय न्यावं, हा प्रश्न तेव्हापासून सिस्टरच्या डोक्यात आहे, आणि ज्यांनी किल्लारीचा १९९३ चा भूकंप झेलला त्यांनाच तो विचारावा, हा आग्रहही त्यांचाच.

वाटेत नागपूर. भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांना एकत्र बांधणाऱ्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचं मुख्यालय इथल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. १९४७ साली फाळणीचे निर्वासित लोंढ्यांनी येऊ लागले तेव्हा याच परिषदेच्या छायेत मदतकार्य सुरू झालं. तेच पुढे ‘कासा’ या नावाने देशभर पोचलं. कॅथलिकांची कॅरितास इंडिया १९६२ ची. मुक्तिफौज तर १८८२ पासून मुंबईत. किल्लारीला या तिन्ही संस्था गेल्या होत्या.

बुटीबोरीजवळ पाळकांनी गाडी हळू करायला लावली. नागपूर मिशनचे संस्थापक स्टीफन हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री टाकळघाटच्या शिळावर्तुळांचं उत्खनन पाहून घोड्यावरून परतताना याच परिसरात ओढ्याच्या पुरात बुडाले. धर्मोपदेशक असूनही हा माणूस उरलेला सगळा वेळ दगडांत रमायचा. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडणाऱ्या जीवाश्मांवर त्याने लिहिलं. पोरांना हिस्लॉप म्हणजे फक्त त्याच्या नावाचं कॉलेज, एवढंच माहीत होतं.

२९ सप्टेंबर. यवतमाळ, नांदेड, लातूर

दिवसभर रस्ता. उमरखेड, हदगाव, अर्धापूर, लोहा, अहमदपूर. सोयाबीन पिवळं पडलेलं, ट्रकांची रांग, दोनदा चहा. लिहिण्यासारखं फार नाही.

३० सप्टेंबर. किल्लारी

१९९३ साली याच तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा घरी येऊन झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास. जगाच्या हिशेबात हा आकडा फार मोठा नाही, पण सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसं का गेली, याचं उत्तर भिंतींत आहे. मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या दोन-तीन फूट जाड भिंती, वर लाकडी खांब-तुळयांवरचं माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात कोरडं, आणि दर दोन-चार वर्षांनी वर आणखी माती. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला जोडणारे आरपार दगड मात्र नव्हते. हादरा बसला तशी भिंत मधून फाटली आणि ढिगारा निजलेल्यांवर आला. जुन्या किल्लारीच्या जागेवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने ठेकेदाराला सांगितलं, “भिंत जाड तेवढं घर पक्कं, असंच समजत होतो आम्ही.” गावाच्या कडेच्या कुडाच्या झोपड्यांतली माणसं मात्र बरीच वाचली. इतका उलटा न्याय क्वचितच पाहायला मिळतो.

“आमच्याकडं कवेलू असतेत,” एक पोरगा म्हणाला. ठेकेदाराने त्याला विचारलं, “खालची भिंत कशाची?” पोराला सांगता आलं नाही.

पहिल्या आठवड्यांतलं काम कसं होतं? मुसळधार पाऊस, चिखल, ढिगाऱ्याखालची प्रेतं. मुंबई-पुण्याकडून मदतीचे ट्रक आले. ख्रिस्ती संस्थांची माणसं अन्न, ताडपत्र्या आणि औषधं घेऊन आली, तसेच इतर धर्मांचे आणि कुठल्याच धर्माचं नाव न लावणारे स्वयंसेवकही आले. त्या वेळच्या छायाचित्रांत कोण कुठल्या संस्थेचा, हे ओळखू येत नाही. ते तसंच असावं, असं सिस्टर म्हणाल्या. पाळकांना ते तितकंसं पटलं नाही. देणाऱ्यांना हिशेब द्यावा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

१ ऑक्टोबर. बाणेगाव

घरबांधणीचं काम मदतवाटपापेक्षा कितीतरी अवघड होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने मोठा कार्यक्रम आखला. पार उद्ध्वस्त गावांत जमिनीच्या मालकीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं घर मिळायचं. काही गावं संस्थांनी दत्तक घेतली. सरळ रेषेत रस्ते, चौकोनी प्लॉट आणि घरापासून लांब गेलेलं शेत. नव्या किल्लारीत हिंडताना दिसतं की लोकांनी या घरांना मागून-पुढून पत्र्याच्या खोल्या, ओटे, गोठे जोडून घेतले आहेत.

बाणेगावचं पुनर्वसन मल्याळ मनोरमा दैनिकाने वाचकांच्या निधीतून केलं. त्यात सल्ला होता लॉरी बेकर यांचा. हा क्वेकर पंथाचा वास्तुविशारद १९४५ साली कुष्ठरोग्यांच्या मिशनसाठी भारतात आला आणि इथलाच झाला. स्थानिक दगड-मातीचा तिरस्कार न करता घर स्वस्त आणि टिकाऊ कसं करायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. भूकंपानंतर ‘दगड नको, सिमेंट द्या’ ही जनभावना समजण्यासारखी होती, पण दोष दगडाचा नव्हता, जोडणीचा होता. कोपरे बांधून घेतले, आरपार दगड घातले, दरवाजाच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा फिरवला, तर तीच भिंत टिकाव धरते.

ठेकेदाराने वहीत पट्ट्याची आकृती काढून घेतली आहे. संध्याकाळी ताटावर वाद पेटला. मंडळीच्या निधीतून ताडपत्र्या आणि औषधं साठवून ठेवावीत, असं पाळकांचं मत. ठेकेदार म्हणतो, आधी तालुक्यातल्या गवंड्यांचं दोन दिवसांचं शिबिर घ्या, ताडपत्री नागपुरात केव्हाही मिळते. सिस्टरने दोघांनाही विचारलं की शिबिर घेतलं तर मजूर बायका त्यात असतील का; भिंतीचा निम्मा गारा त्याच कालवतात. यावर कोणी बोललं नाही. पोरांनी मात्र वहीत नवं पान उघडून वर ‘गारा’ असं लिहिलं. उद्या सास्तूर.