बिनपगारी हजेरी

फिल्म जेमतेम सहा मिनिटांची. राखाडी गणवेशातला एक माणूस हजेरीच्या घड्याळाशेजारी उभा असतो, नजर थेट आपल्यावर. सुरुवातीला डोक्याचा चकोट; बघता बघता केस कानांवर येतात, मग खांद्यांवर. चेहऱ्यावर ना हसू, ना त्रागा. घड्याळाचा तासकाटा मात्र पिसाटल्यासारखा गरगरतो. एका तासाला एकच चौकट टिपलेली आणि पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी धावणार. त्यामुळे आपला एक सेकंद सरतो तेव्हा त्याचा अख्खा दिवस गेलेला असतो.

हा माणूस म्हणजे कलाकार तेचिंग श्ये, मूळचा तैवानचा. १९७४ साली खलाशी म्हणून अमेरिकेला आला, फिलाडेल्फियाजवळ बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही. पुढची कितीतरी वर्षं कागदपत्रांशिवाय काढली, हॉटेलात भांडी घासली, फरशा पुसल्या. याच माणसानं ११ एप्रिल १९८० पासून वर्षभर, कलाकृती म्हणून, न्यूयॉर्कमधल्या आपल्या स्टुडिओत, रात्रंदिवस दर तासाच्या ठोक्याला कार्ड पंच केलं. सलग तासाहून जास्त झोप नियमातच बसत नव्हती. लांबच्या मित्राकडे जेवायला जायचं तरी पुढचा ठोका मानगुटीवर. कामगाराला निदान पाळी संपल्याचा भोंगा ऐकू येतो. याच्या पाळीला भोंगाच नव्हता. पगार नाही, माल नाही, मुकादमही तोच.

त्या काळात धक्का देणाऱ्या कलाकारांची वाण नव्हती. १९७१ मध्ये क्रिस बर्डननं कॅलिफोर्नियातल्या एका गॅलरीत मित्राकरवी स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली होती. अशा गोष्टी एका क्षणात घडतात आणि लगेच बातमी होतात. मला त्यांचा थोडा कंटाळाच येतो, खरं सांगायचं तर. श्येच्या कामात बघण्यासारखं काही घडतच नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

वर्षाचे तास ८,७६०. त्यातले १३३ ठोके हुकले. हे आपल्याला कळतं, कारण त्यानं खाड्यांचाही चोख हिशेब ठेवला: ९४ वेळा झोप लागली, २९ वेळा उशीर झाला आणि १० वेळा तो लवकर पोचला. या दहांपाशी मी अडकतो. झोपेत हुकणं समजू शकतं, धावतपळत येऊन उशीर होणंही रोजचंच. पण तारवटलेल्या डोळ्यांनी, हुकेल या धास्तीनं कुणी आधीच येऊन कार्ड सरकवतो आणि तेवढ्यानंच तो चुकलेला ठरतो! फिल्म बघताना हे खाडे दिसत नाहीत. डोळ्यांना ती फट जाणवण्याआधीच पुढची चौकट आलेली असते. ते फक्त कागदावर आहेत. पंच झालेली कार्डं खरी असल्याची साक्षीदाराची सहीसुद्धा आहे.

याच्या आधी एक वर्ष त्यानं लाकडी पिंजऱ्यात काढलं होतं, बोलणं-वाचणं-लिहिणं बंद ठेवून. नंतरचं एक वर्ष कुठल्याही छपराखाली जायचं नाही असं ठरवून, न्यूयॉर्कच्या थंडीतसुद्धा. मग कलाकार लिंडा मोंटॅनोबरोबर आठ फुटी दोरीनं कमरेला बांधून घेऊन एक वर्ष, एकमेकांना स्पर्श न करण्याच्या अटीवर. १९८८ मध्ये माफीच्या योजनेत त्याला अमेरिकेत राहण्याची कायदेशीर मुभा मिळाली.

तोवर शेवटचं काम सुरू झालेलं होतं. १९८६ च्या अखेरीस, छत्तिसाव्या वाढदिवसाला, त्यानं ठरवलं की तेरा वर्षं कला करायची, पण कुणाला दाखवायची नाही. १ जानेवारी २००० ला लोकांसमोर येऊन त्यानं सांगितलं ते एवढंच, की मी स्वतःला जिवंत ठेवलं. या तेरा वर्षांची पंच केलेली कार्डं नाहीत, तासातासाची फिल्म नाही. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मी ठेवतो. ज्यानं दहा वेळा लवकर आल्याचीही नोंद केली, त्याची वही मी तपासायला बसणार नाही.