मापाचा बूट

पन्नाशीला आलेल्या शिक्षकाने सायकलीसाठी वेगळे बूट शोधत फिरावे, ही आमच्या मोहल्ल्यात चेष्टेचीच गोष्ट. आमचे अब्बा बेकरीचा माल घेऊन मिरजेहून आरग-बेडगपर्यंत काळ्या सायकलवरून जायचे, ते साध्या चपलेवर.

त्याच चपलेचा एक खिळा २००३ साली वर आला. अब्बांना साखरेचा आजार होता, तळपाय बधिर झालेले. दिवसभर खिळा टोचत राहिला, त्यांना पत्ताच नाही. संध्याकाळी अम्मीने फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा कळले. आधी अंगठा गेला, नंतर गुडघ्याखालचा पाय. सायकल दारात गंजत राहिली.

मला साखर निघाली २०१८ मध्ये. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, मी सायकल घेतली. पाहता पाहता तिचा नाद लागला. रविवारी पहाटे निघायचे, जयसिंगपूर, हातकणंगले करत कोल्हापूर गाठायचे, चहा पिऊन परत. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. एका रविवारी घरी येऊन वजूला बसलो. उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमधून हात फिरवला, तर ती बोटे जणू दुसऱ्याचीच! पोटात गोळा आला. तीन दिवस घरात कुणाला बोललो नाही.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. तळव्यावर ठिकठिकाणी नायलॉनचा एक तंतू टेकवला. १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. तेवढा स्पर्श कळला तर संवेदना शाबूत समजायची. मला सगळीकडे कळला. मग त्यांनी विचारले, "सर, सायकलवर पायात काय घालता?"

घालत होतो पळायचे मऊ बूट, तेही अरुंद. पेडल लहान, तळ मऊ. त्यामुळे सगळा जोर तळव्याच्या एका तुकड्यावर येतो. वरून बूट दोन्ही बाजूंनी आवळतो, बोटांकडच्या नसा दबतात आणि मुंग्या येतात. सायकलच्या बुटाचा तळ म्हणून कडक असतो. जोर पसरतो. पण कडक तळाचा दुसरा गुण असा, की तो वाकत नाही, सैल होत नाही. चामड्याची चप्पल आठ दिवसांत पायाशी समजुतीने घेते. हा बूट पहिल्या दिवशी चावला तर कायम चावणार. त्यात तळाला बसवलेली पट्टी पेडलमध्ये अडकते, म्हणजे पाय तासन् तास एकाच जागी. १९८५ साली बर्नार्ड इनोने असली पेडले वापरून तूर द फ्रान्स जिंकली. ती पेडले बनवणारी कंपनी मुळात बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायची साधने करायची.

घरबसल्या मागवलेला पहिला जोड ४२ नंबरचा. लांबीला ठीक, रुंदीला तुरुंग. परत केला. ४३ मागवला, रुंदी जेमतेम, टाच मात्र पेडल मारताना वर उचलायची. तोही परत. मग लक्षात आले, की युरोपी मापात एका नंबराचा फरक साधारण ६.७ मिलिमीटर, तर इंग्रजी मापात ८.५. दोन्ही एकमेकांवर नीट बसतच नाहीत, तक्ते आपले जवळचा आकडा लिहून मोकळे होतात. आणि रुंदी? ती बहुतेक खोक्यांवर छापलेलीच नसते. लहानपणी अनवाणी फिरलेले आमचे पंजे मोरीच्या फळीसारखे पसरट. त्यांचा हिशेब कुणी धरलेला नाही.

मार्ग सापडला कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये. चहानंतर सहज एका म्हाताऱ्या कारागिरासमोर पाय ठेवला. त्यांनी कागद अंथरला, मला उभे केले, पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय रेखले. म्हणाले, "बसून माप घेऊ नका, अंगाचा भार पडला की पंजा पसरतो. आन् सकाळी तर घेऊच नका. संध्याकाळी पाय फुगतो, तेच खरं माप." माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला. अठ्ठेचाळीस वर्षे वापरतोय, माहीत नव्हते. पैसे विचारले तर हात हलवून नको म्हणाले. मी एक चप्पलजोड घेतला.

तो कागद घेऊन पुण्याला गेलो, तेही संध्याकाळी. दुकानातल्या पोराने आधी कागदाकडे पाहून तोंड वाकडे केले, मग आतून रुंद पंज्याचा जोड काढला. बुटातला सुटा पातळ तळ बाहेर काढून कागदावर ठेवला. रेघ कुठेच बाहेर जात नव्हती. माप मोठ्या पायाचे, उजव्याला थोडे जाड मोजे. दोन स्क्रूंची पट्टी घेतली. ती तळाच्या खाचेत बसते, चहाच्या टपरीवर बदकासारखे चालावे लागत नाही. किंमत अम्मीला निम्मी सांगितली.

पहिल्याच रविवारी जयसिंगपुरात पाय सोडवायचा विसरलो आणि उभ्या सायकलसकट आडवा झालो. भाजीवाल्या मावशींनी उठवले. "लागलं का गुरुजी?" कोपर खरचटले होते. बोटे मात्र दहाच्या दहा जागेवर होती, शेवटची दोनसुद्धा.

रात्री तळव्याखाली आरसा धरून पाहायचा नेम आहे. विसरलो तरी आतल्या खोलीतून आवाज येतोच, "पाँव देख्या क्या रे?"