पहिल्या रायफलीचे माप

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम पिढ्यानपिढ्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू होत असे आणि खेड्यापाड्यांतील कित्येक शाळा त्या दिवशी बंद राहत. २०१९ पासून हा आरंभ शनिवारावर आला असला, तरी ज्या घरांत आजोबा, वडील आणि नातवंडे एकाच डोंगरउतारावर पहाटे जाऊन बसतात, तेथे वयाचे बारावे वर्ष म्हणजे स्वतःच्या नावाचा परवाना मिळण्याचे वर्ष, ही ओळख कायम आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार इतिहासजमा होत गेली, त्यामुळे मराठी वाचकाला त्या घरांतील प्रश्न दूरचा वाटेल. परंतु लांडगा आणि प्यूमा तेथील रानांतून केव्हाच नाहीसे झाल्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या आवरण्याचे काम बव्हंशी शिकाऱ्यांकडे आले आहे, आणि ते काम पुढच्या पिढीच्या हाती देताना पहिली रायफल कोणत्या कॅलिबरची असावी, हा निर्णय त्या मुलाच्या किंवा मुलीच्या जन्मभराच्या नेमबाजीवर ठसा उमटवतो.

कॅलिबर म्हणजे नळीचा आतील व्यास, आणि अमेरिकेत तो इंचाच्या अंशांत सांगितला जातो; मात्र व्यवहारात या शब्दाने संपूर्ण काडतूसच, म्हणजे गोळी, दारू आणि त्यांना धरून ठेवणारे पितळी आवरण, अभिप्रेत असते. १८८७ साली निघालेले ‘.२२ लाँग रायफल’ हे बहुतेक मुलांचे पहिले काडतूस होय. त्याची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, आवाज लहान आणि धक्का जवळपास नसल्यासारखा. म्हणून त्याने टिनच्या डब्यांवर आणि खारींवर नेम शिकता येतो, श्वास अर्धा सोडून चाप हळू दाबण्याची सवय लागते, आणि हीच इवलीशी गोळी मैलाहून दूर जाऊ शकते हे कळल्यावर सावजाच्या पलीकडे काय आहे ते पाहिल्याशिवाय बार न काढण्याची शिस्तही अंगी बाणते. या पायरीवर दोन-तीन वर्षे घालवणे कोणत्याही महागड्या खरेदीपेक्षा मोलाचे आहे. हरणासाठी मात्र .२२ दुबळी असून पेनसिल्व्हेनियाचा कायदाही तिला त्यासाठी मनाई करतो, आणि खरा पेच येथून पुढे सुरू होतो.

घरात बहुधा आजोबांची ‘.३०-०६’ असते. १९०६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेले हे काडतूस दोन महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांच्या ओळखीचे, खात्रीचे आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरालाही पुरे पडणारे असल्यामुळे घराण्याची रायफल म्हणून तीच मुलाकडे जावी असे मोठ्यांना वाटते, आणि त्या वाटण्यामागची माया खोटी नसते. परंतु गोळी ज्या जोराने पुढे सुटते त्याचा प्रतिसाद म्हणून रायफल मागे येते. या मागे येण्याचा धक्का गोळीचे व दारूचे वजन आणि वेग यांबरोबर वाढतो, तर रायफलीच्या वजनाबरोबर कमी होतो, आणि .३०-०६ चा धक्का सारख्या वजनाच्या, पण लहान कॅलिबरच्या ‘.२४३’ रायफलीच्या जवळजवळ दुप्पट असतो. पस्तीस किलोच्या मुलाच्या खांद्याला तो एकदा लागला की दुसऱ्या बाराच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि नळी खाली जाते. हे दचकणे आळशीपणाचे किंवा भित्रेपणाचे लक्षण नव्हे. शरीराने शिकलेला तो धडा आहे आणि तो पुसायला वर्षे लागतात. अनुभवी शिक्षक खऱ्या काडतुसांत मुलाला न कळू देता एखादे निकामी काडतूस मिसळतात. ते आले की बार होत नाही, धक्का बसत नाही, तरीही नळी खाली झुकलेली दिसते आणि भीती किती मुरली आहे ते उघड होते. वितभर चुकलेली गोळी हरणाच्या फुप्फुसांऐवजी पोटात शिरते, जखमी जनावर दाट झाडीत पळून तासन्‌तास तडफडते, आणि ते शोधत फिरणाऱ्या मुलाच्या मनावर त्या दिवसाचे ओझे राहते. मोठी गोळी चुकीची जागा भरून काढत नाही. मोठ्या कॅलिबरच्या बाजूने केल्या जाणाऱ्या युक्तिवादातली ही सर्वांत घातक चूक आहे.

या पेचातून सुटण्याची वाट म्हणजे विंचेस्टर कंपनीची .२४३; तिच्या काडतुसाचा जन्म १९५५ चा. ‘.३०८’ या काडतुसाचे तोंड अरुंद करून त्यात सुमारे सहा मिलिमीटरची गोळी बसवलेली. त्याच वर्षी रेमिंग्टन कंपनीनेही त्याच व्यासाचे ‘.२४४’ काढले, पण त्या रायफलीच्या नळीतील आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या मळसूत्री खाचा, हलक्या गोळ्यांना जमतील इतके सैल ठेवले होते, तर विंचेस्टरने साडेसहा ग्रॅमची, हरणाला पुरेल अशी गोळी स्थिर राहील इतके घट्ट ठेवले. शेतातल्या ग्राउंडहॉगसारख्या लहान प्राण्यापासून हरणापर्यंत एकच रायफल हवी असणाऱ्या कुटुंबांनी .२४३ उचलली आणि .२४४ मागे पडली. कोलोरॅडो राज्यात मोठ्या जनावरांसाठी .२४ इंच हा किमान व्यास ठरवलेला आहे, म्हणजे .२४३ ही तेथील उंबरठ्यावरची रायफल ठरते, आणि आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही हेच की तिच्यात चुकीला वाव कमी. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाने द्यायचे असते, हरीण आडवे उभे नसेल किंवा शंभर यार्डांपलीकडे असेल तर मुलाला थांबवून. १९८० चे ‘७ मिमी-०८’ किंवा २००७ चे ‘६.५ क्रीडमूर’ हेही चांगले पर्याय आहेत, फक्त धक्का किंचित अधिक.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होते. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आखूड, हलक्या रायफली उचलायला सोप्या असल्या तरी वजन कमी म्हणून त्यांचा धक्का जास्त बसतो आणि नळी आखूड म्हणून आवाजही जास्त. बारा वर्षांखालील मुलांसाठी पेनसिल्व्हेनियाने २००६ मध्ये जी योजना आखली, तिच्यात चालताना शस्त्र प्रौढाकडेच राहावे आणि मुलाच्या हाती असताना दोघांनी हाताच्या अंतरावर स्थिर असावे असा नियम होता. म्हणजे त्या वयात ज्या वजनाची चिंता केली जाते ते वाहायचे मुलाला नसतेच. म्हणून पूर्ण वजनाची रायफल घेऊन तिचा दस्ता तेवढा कापून आखूड करावा, तो काढलेला तुकडा जपून ठेवावा आणि मूल वाढले की पुन्हा बसवावा. अशी रायफल मोठेपणी टाकून द्यावी लागत नाही. तरुणपणी अधिक ताकदीच्या रायफलींचा मोह होतो, आणि साठीनंतर खांदा कुरकुरू लागला की कित्येक शिकारी पुन्हा त्याच .२४३ कडे वळतात.

तेव्हा खरेदीला जाणाऱ्या आईवडिलांनी मुलाला सोबत न्यावे, रायफल त्याच्याच खांद्याला लावून पाहावी, आवाजापासून कान झाकण्याचे साधन त्याच दिवशी घ्यावे, आणि आजोबांची .३०-०६ मूल स्वतःहून मागेपर्यंत कपाटातच राहू द्यावी.