दारे धरणे

परवा वसईजवळच्या भुईगावात एका वाडीत पाटाचे पाणी पाहत उभा होतो. बावखलातले पाणी एकच. पण वाडीवाला फावड्याने इकडची माती तिकडे ओढी, आणि तेच पाणी केळी सोडून पानवेलीकडे वळे. याला 'दारे धरणे' म्हणतात. मेंदूच्या घडणीविषयी मी अलीकडे जे वाचीत होतो, ते मला त्या पाटावर अधिक उमगले.

आपल्या यकृतात आणि मेंदूत जनुके तीच, सुमारे २०,०००. भेद पडतो तो कोणते दार केव्हा उघडावे यामुळे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शुभा टोळे व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली उंदरांच्या गर्भांवरील असेच एक संशोधन प्रसिद्ध केले. एलएचएक्स-२ हे जनुक असे दारे धरणारे आहे. मेंदूचे बाह्यक घडत असता मध्याकडील काही पेशींत ते नसेल, तर त्या पेशी बाह्यक न होता त्याची किनार होतात. आणि ही किनार शेजारच्या निर्दोष पेशींकडून भलत्याच ठिकाणी हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणाचे इंद्रिय, घडवून घेते! शिवाय या जनुकाची ही सत्ता गर्भाच्या अगदी आरंभकाळापुरतीच. ती घटका टळली की टळली.

मग जन्मापूर्वीच सारे ठरले म्हणावयाचे काय? तसेही नाही. मज्जापेशी उद्दीपित झाली, की काही मिनिटांतच तिच्यातील फॉससारखी जनुके जागी होतात. म्हणजे दारे धरणे जन्मानंतरही चालूच असते. पाहिलेले, ऐकलेले सारे त्या फावड्याला हात लावते.

हे वाचले आणि मी अस्वस्थ झालो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याची वही परत करताना मी भर वर्गात म्हणालो होतो, "हे तुझ्या डोक्यातच नाही." त्यानंतर तो माझ्या तासाला कधी आला नाही. तेव्हा मला ते माझे स्पष्टवक्तेपण वाटले होते!

वाडीच्या कोपऱ्यात एक वाफा कोरडा होता. "ही जमीन वाईट का?" मी विचारले.

वाडीवाला हसला. "जमीन चांगली आहे, सर. तिकडचं दार अजून मोडलं नाही."

मी काही बोललो नाही. त्याने फावडे उचलले.