मुलाकडून घेतलेली चाल

अॅलेक गिनेस हा नट मला पहिल्यांदा भेटला तो सांगलीच्या फिल्म सोसायटीत, ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मध्ये. प्रोजेक्टरची घरघर चालू होती आणि संवाद निम्मेही कळत नव्हते. कर्नल निकल्सनला जपानी छावणीतल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर काढतात, तेव्हा मात्र संवादाची गरजच उरली नाही. उन्हात शिजून निघालेला तो माणूस कमरेच्या वर अजून लष्करी अधिकारी आहे, पाठ ताठ, मान सरळ. कमरेखाली पाय त्याचं ऐकत नाहीत. गुडघे सैल पडतात, पाऊल टाकायचं एकीकडे आणि पडतं भलतीकडे. तरी तो चालतो. एवढंसं अंतर, पण त्या चालीत अख्खा निकल्सन आहे, आणि पुढे ज्या हट्टापायी तो शत्रूसाठी पूल बांधून देतो तो हट्टही तिथेच दिसतो.

मी तेव्हा बँकेतली नोकरी सांभाळून हौशी नाटकं करायचो. आमच्याकडे म्हातारा म्हटला की पाठीला पोक, हातात काठी आणि थरथरता आवाज, एवढा सरंजाम ठरलेला. गिनेसच्या त्या चालीनं मी हादरलो. मग मिळेल तिथून त्यांच्याबद्दल वाचायला लागलो.

जन्म 1914चा, लंडनमधला. जन्मनोंदीत वडिलांच्या नावाची जागा कोरी. आई अॅग्नेस कफ. घरात पैशांची चणचण नेहमीची. शाळा संपल्यावर जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी केली, पण ओढ नाटकाची. जॉन गिलगुडनी या हडकुळ्या पोरात काहीतरी पाहिलं आणि 1934च्या आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्याला ऑस्रिकची भूमिका दिली. चारच वर्षांत ओल्ड विकमध्ये टायरन गथ्री यांनी आधुनिक वेशातलं ‘हॅम्लेट’ केलं, त्यात गिनेस स्वतः हॅम्लेट झाले. मग युद्ध आलं. नौदलात असताना 1943 साली सिसिलीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणारी एक बोट त्यांच्या हाताखाली होती.

चित्रपटात ते युद्धानंतर स्थिरावले. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फेगिनसाठी दिग्दर्शक डेव्हिड लीन त्यांना घ्यायला तयार नव्हते. गिनेसनी हट्टानं रंगभूषा करून चाचणी दिली आणि भूमिका मिळवली. मात्र कादंबरीतल्या क्रुकशँकच्या जुन्या चित्रांवरून घडवलेल्या त्या चेहऱ्यात ज्यूंची विटंबना आहे, असा आक्षेप आला. अमेरिकेत चित्रपट 1951पर्यंत लागू शकला नाही. तो आक्षेप मला रास्त वाटतो. ते लावलेलं नाक आजही बघवत नाही. 1949 साली ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये एकाच घराण्यातली 8 माणसं त्यांनी एकट्यानं उभी केली, त्यात एक बाईसुद्धा. इतके चेहरे घेतलेल्या या माणसाचा स्वतःचा चेहरा मात्र सहज विसरून जावा असा होता.

निकल्सनच्या चालीचं मूळ नंतर वाचनात आलं. त्यांचा मुलगा मॅथ्यू, वय अकरा, पोलिओनं कमरेखाली लुळा पडला होता. तो बरा होताना पुन्हा चालायला शिकत होता, आणि बाप बघत होता. तीच चाल पुढे त्यांनी कर्नलला दिली. 1958 साली या भूमिकेनं त्यांना ऑस्कर मिळवून दिलं, पण ते एवढंसं चालणं आपल्या हातून झालेलं सर्वांत चांगलं काम आहे, असं त्यांना वाटत असे.

हे वाचलं तेव्हा आमचे अण्णा अर्धांगवायूच्या झटक्यातून सावरत होते. सकाळी ओसरीवरून मोरीपर्यंत जायचे. डावा पाय उचलायचा नाही, नुसता फरफटायचा; चप्पल निसटायची, मग थांबून अंगठ्यानं ती चाचपायची. मी हात पुढे केला तर नको म्हणायचे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी मी एका निवृत्त मास्तरांची भूमिका करत होतो. मास्तर आजारातून उठलेले. तालमीत एक दिवस माझा डावा पाय तसा फरफटला आणि दिग्दर्शक म्हणाले, “हेच ठेव.”

मला फार अवघड वाटत होतं. बापाचं दुखणं आपण टाळ्यांसाठी वापरायचं का? गिनेसनाही हे वाटलं असेल का, याचा मी खूप विचार केला. मुलगा बरा व्हावा म्हणून ते चर्चमध्ये जाऊन बसत, प्रार्थना करत. असा बाप पोराची चाल हलक्या हातानं उचलणार नाही, एवढं मला कळत होतं. प्रयोगाला अण्णा आले, पुढच्या रांगेत बसले. घरी आल्यावर जेवताना एवढंच म्हणाले, “पाय बरोबर होता. पण वळताना मी आधी भिंतीला हात लावतो. तू लावला नाहीस.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वळून दाखवलं. आधी तळवा भिंतीवर, मग खांदा, मग पाय. पुढच्या प्रयोगात ते सगळं आलं.

गिनेसचा गोडबोले आम्ही दोघांनी घरी टीव्हीवर पाहिला. फॉर्स्टरच्या कादंबरीतला प्राध्यापक नारायण गोडबोले दख्खनी ब्राह्मण, म्हणजे आमच्यातलाच. लीननी 1984 साली ‘अ पॅसेज टू इंडिया’ केला तेव्हा व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे आपले नट घेतले. गोडबोलेसाठी मात्र गिनेसना रंग फासला. अण्णांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, “हा पंगतीत मांडी घालून बसू शकेल, असं वाटत नाही रे.” इतक्या मोठ्या नटाचं ते काम बघताना मला खरोखर वाईट वाटलं. निकल्सनच्या पायांत मॅथ्यू होता. गोडबोलेच्या आधी 1979 साली त्यांनी टीव्हीवर जॉन ल कारेंच्या कादंबरीतला गुप्तहेर जॉर्ज स्मायली केला, तेव्हा ल कारेंना सांगून त्यांनी गुप्तहेर खात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्यासोबत जेवण जमवलं आणि त्या माणसाला अगदी जवळून न्याहाळलं. गोडबोलेमध्ये असं कुणीच दिसत नाही. धोतर आहे, पण त्या धोतरात वावरलेलं शरीर नाही. भूमिकेतला बराच भाग संकलनात गेला आणि लीनशी त्यांचं बिनसलं, हे खरं. पण गेलेला भाग राहिला असता तरी माझं मत बदललं नसतं.

त्यानंतरही ते काम करत राहिले. रंगभूमीवरची त्यांची शेवटची भूमिका ‘अ वॉक इन द वुड्स’मधल्या रशियन मुत्सद्द्याची, 1988-89 साली लंडनमध्ये. तेव्हा ते पंच्याहत्तरीला टेकले होते. दोन माणसं, एक बाक, आणि शस्त्रकपातीच्या वाटाघाटी. तो प्रयोग पाहिलेलं कुणी भेटलं, तर मी पहिल्यांदा हेच विचारीन, की बाकावरून उठताना ते हात कुठे टेकवायचे.