संपण्याची सोय

आमच्या घरात माणसे पाच आहेत आणि पडदे सहा. खिडक्यांचे नव्हेत. दिवाणखान्यातला दूरचित्रवाणी संच, आई, बाबा, आजोबा आणि मी यांचे चार मोबाइल, शिवाय माझा महाविद्यालयाच्या कामाचा लॅपटॉप, अशी ती बेरीज आहे. आजीच्या वाट्याला मात्र पडदा नाही. तिच्याकडे स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ आहे आणि त्यावर सांगली आकाशवाणी केंद्र लागलेले असते. वाचकहो, आपणही आपल्या घरातली ही मोजदाद एकदा करून पाहावी. उत्तर बहुधा आपल्या अंदाजापेक्षा मोठे येईल.

मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या वयाच्या मुलीने आधुनिक माध्यमांविषयी लिहायचे म्हटले की वाचणाऱ्याला दोनच सूर अपेक्षित असतात. एक पश्चात्तापाचा, दुसरा 'तुम्हाला आमची पिढी कळतच नाही' असा. मला या दोहोंत रस नाही. रोजच्या जगण्यात मला जी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, तेवढीच आपल्यापुढे मांडायची आहे. ती म्हणजे, पूर्वीच्या माध्यमांना शेवट होता आणि आताच्या माध्यमांना तो नाही.

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. रेडिओवरचे बातमीपत्र ठरल्या वेळी सुरू होते आणि ठरल्या वेळी संपते; निवेदकाकडे आणखी चार बातम्या असल्या तरी तो थांबतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आमच्याकडे संच आला तो बराच नंतर, पण आजीला त्या दिवसांतले कार्यक्रमांइतकेच कार्यक्रमांचे संपणेही आठवते. रात्रीचे प्रसारण आटोपले की पडद्यावर मुंग्या यायच्या. 'मुंग्या आल्या की अंथरुणे घालायची,' असा घराचा नियमच होता, असे ती सांगते. नियम कोणी केला नव्हता. प्रसारण थांबत होते, म्हणून माणसे झोपत होती. संयम वगैरे मोठ्या शब्दांची त्यात काही गरज नव्हती.

आज मुंग्या येत नाहीत. बोटाने पडदा वर सरकवावा आणि खालून नवीन काही यावे, याला शेवटच नसावा, ही अखंड सरकपट्टीची कल्पना आझा रॅस्किन या अमेरिकी रचनाकाराने २००६ मध्ये मांडली. पान संपल्यावर 'पुढचे पान' असे बटण दाबण्याचे कष्ट वाचावेत, इतकाच तिचा साधा हेतू होता. पुढे त्याने स्वतःच या शोधाविषयी जाहीरपणे खंत व्यक्त केली. बटण दाबण्याआधीचा तो अर्धा क्षण किती मोलाचा होता, हे तो गेल्यावर कळले. त्या अर्ध्या क्षणात माणूस घड्याळाकडे बघत असे.

आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणली. दोन दुकानांच्या मध्ये रस्ता ओलांडायला लागावा, तेवढाही वेळ गेला नाही. माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत डबा उघडतात तेव्हा एका हातात पोळी असते आणि दुसऱ्या हाताचा अंगठा चालू असतो. दहांतली एखादी चित्रफीत खरोखर हसवते. कोणती, हे आधी कळत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत नेमके हेच आढळले होते. चोच मारल्यावर दाणा दर वेळी मिळाला तर कबूतर पोट भरल्यावर थांबते. तो कधी मिळेल, कधी मिळणार नाही, असे केले तर मात्र ते चिकाटीने टोचत राहते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीला या साम्याचे हसू येते. कबुतरांना येत नसावे.

शरीराचे काम मात्र अजूनही शेवटांवर चालते. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला काही मिनिटे लागतात, आणि त्या वेळी लक्ष ताटात असावे लागते. डब्यात मेथी होती की पालक, हे विचारल्यावर ज्या मुलीला आठवावे लागते, तिचे पोट भरलेले असले तरी जेवण झालेले नसते, असे मला वाटते. झोपेचेही तसेच. आपल्या पेशींमध्ये दिवसरात्रीचे घड्याळ कसे चालते, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा संशोधकांना २०१७ चे नोबेल मिळाले. डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचे काम पाहणे नसून उजेड आहे की अंधार, हे त्या घड्याळाला कळवणे हे असते. निळसर प्रकाश त्यांना विशेष जाणवतो. म्हणून मोबाइलमध्ये रात्री पडदा पिवळा करण्याची सोय असते. माझे मत विचाराल तर त्या पिवळेपणावर आपण फारच विसंबतो. मैत्रिणीच्या साखरपुड्याची छायाचित्रे, कोणाशी तरी चाललेला वाद, उद्याच्या परीक्षेविषयी वर्गाच्या गटावर उठलेली अफवा, हे सारे पिवळ्या उजेडातही तितकेच जागे ठेवते. उजेड मंद करता येतो, पण मनातली खळबळ त्याने मंद होत नाही.

इथवर मी तरुणांविषयी बोलले, कारण या विषयात तशी रीतच आहे. आमच्या घरात या न संपणाऱ्या माध्यमाची खरी झळ बसली ती मात्र सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला.

आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी ३६ वर्षे गणित शिकवले. वर्तमानपत्र ते हातात पेन्सिल घेऊन वाचत आणि छापलेल्या टक्केवारीत चूक दिसली की समासात दुरुस्ती करत. त्यांना मधुमेह आहे, बरीच वर्षे. गोळ्या नियमित, चालणे नियमित. टाळेबंदीच्या काळात नातेवाइकांशी बोलता यावे म्हणून बाबांनी त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. पुढे डोळ्यांना त्रास होऊ लागला तसे वर्तमानपत्र मागे पडले. ऐकणे सोपे वाटू लागले.

गेल्या वर्षी त्यांनी मधुमेहावरची एक चित्रफीत पाहिली. मग यंत्राने त्यांना तशीच दुसरी दाखवली, मग तिसरी. जांभळाच्या बियांची पूड, मेथीचे पाणी, आणि 'गोळ्यांच्या विळख्यातून सुटका'. यातला कोणताही पदार्थ आपल्या स्वयंपाकघराला परका नाही, म्हणून तर विश्वास बसायला वेळ लागत नाही. अण्णांनी कोणाला न सांगता गोळ्या निम्म्या केल्या. 'साखर पूर्ण उतरली की मगच घरात सांगायचे,' असे त्यांच्या मनात होते. सगळ्यांना एक सुखद धक्का द्यायचा होता.

ते आईच्या लक्षात आले, तेही गमतीशीर रीतीने. महिनाअखेरीस गोळ्यांची पाकिटे संपतात आणि ती नवी आणते. त्या महिन्यात ती संपलीच नव्हती. आधी तिला वाटले, औषधाच्या दुकानातून जास्त आली असतील. दुसऱ्या महिन्यातही शिल्लक दिसली तेव्हा तिने डबा घेऊन अण्णांसमोर बसकण मारली. दरम्यान त्यांचे वजन उतरले होते आणि रात्री चार-चार वेळा उठणे सुरू झाले होते. नव्या चपलेने अंगठ्याला झालेली छोटी जखम तीन आठवडे झाले तरी ओली होती. मधुमेही माणसाच्या पायावरची न भरणारी जखम म्हणजे काय, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना मी अधिक सांगायला नको.

डॉक्टरांनी 'तीन महिन्यांची साखर' तपासायला सांगितली. एचबीए१सी या तपासणीचे हे घरगुती नाव मला फार आवडते, कारण ते अचूक आहे. तांबड्या रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. आदल्या दिवशी गोड टाळून तो बदलता येत नाही. अण्णांचा आकडा आधी ७.२ होता, तो ९.४ आला. गणिताच्या शिक्षकाने कागदाकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि घडी घालून खिशात ठेवला.

डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी तपासून घेतले. गोळ्या पूर्ववत झाल्या, जखमेची रोज मलमपट्टी सुरू झाली. निघताना ते एवढेच म्हणाले, "गुरुजी, मेथी खा, जांभूळ खा, त्याला माझी ना नाही. पण गोळी कमी करायची झाली तर ती मी करीन."

यानंतर मी बरेच दिवस एका प्रश्नावर विचार करत होते. समासात दुरुस्त्या करणाऱ्या माणसाची पेन्सिल इथे का चालली नाही? वय हे उत्तर सोपे आहे, पण मला ते पटत नाही. अण्णांच्या आयुष्यात एखादी गोष्ट दहा जणांकडून कानावर आली, तर ते दहा जण खरोखर वेगळे असत. बाजारात एक भेटे, एसटीत दुसरा, लग्नात तिसरा. दहा तोंडांचे एक म्हणणे, यालाच ते पुरावा मानत आले आणि त्यात काही गैरही नव्हते. मोबाइलवरचे दहा मात्र एकाच यंत्राने, पहिला आवडला म्हणून वेचून आणलेले असतात. अकरावा, 'असे करू नका' म्हणणारा, तिथे येतच नाही. समास नसलेल्या पानावर पेन्सिल चालवायची तरी कुठे?

आणखी एक कारण आहे आणि ते जास्त हळवे आहे. त्या चित्रफितीतला माणूस त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारत होता. 'मुलगा समजा आणि शांतपणे ऐका,' असे म्हणून तो वीस मिनिटे फक्त त्यांच्या आजाराविषयी बोलत होता. बाबा सकाळी आठला घर सोडतात. आई शाळेत जाते आणि मी महाविद्यालयात. गुडघ्याविषयी किंवा साखरेविषयी सलग वीस मिनिटे ऐकणारे माणूस घरात दिवसा कोण असणार? आजीचे म्हणाल तर ती म्हणते, "पन्नास वर्षे ऐकतेच आहे."

कायद्याचेही सांगते. मधुमेह किंवा रक्तदाब बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांची जाहिरात आपल्या देशात १९५४ च्या चमत्कारिक उपायविषयक कायद्यानेच निषिद्ध आहे. कायदा झाला तेव्हा जाहिरात म्हणजे भिंत, हस्तपत्रक आणि वर्तमानपत्र. आजचा सांगणारा 'मी तर नुसता अनुभव सांगतो' म्हणतो आणि पुडीचा क्रमांक खाली लिहितो. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली; २०२० मध्ये फार फिरलेल्या, दोन बाणांची खूण असलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. हा छोटासा अडथळा मला मोठ्या भाषणांपेक्षा उपयोगी वाटतो. तो रॅस्किनने काढून टाकलेला अर्धा क्षण परत देतो.

असे अडथळे घरातही घालता येतात का, हे आम्ही पाहिले. रात्री नऊनंतर सगळे मोबाइल वेताच्या टोपलीत ठेवायचे, असे आईने जाहीर केले. अकराव्या दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि टोपलीतून पहिला हात बाबांचाच गेला. टोपलीत आता कांदे असतात. मग आईने खोल्यांमधले चार्जर उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी एका पाटीवर आणले. मोबाइलला चार्ज व्हायचे तर तिथेच राहावे लागते. मंगळवारच्या बाजारातून दीडशे रुपयांचे गजराचे घड्याळ आले. त्याची टिकटिक सुरुवातीला असह्य झाली, आता ऐकू येत नाही. हे टिकून आहे. याचे कारण, मला वाटते, की यात कोणालाही रोज ठरवावे लागत नाही.

अण्णांची व्यवस्था त्यांनी स्वतः लावली. एक शंभर पानी वही आहे. औषध, आहार, व्यायाम यांविषयी काही ऐकले की ते तीन रकान्यांत लिहितात: सांगणारा कोण, तो काय विकतो, आणि कधी सांगितले. संध्याकाळी मी आले की वही माझ्यापुढे येते. आम्ही दोघे गॅलरीत बसतो, कधी दहा मिनिटे, कधी तासभर. पुष्कळदा दुसऱ्या रकान्यातच विषय आटोपतो. काही वेळा मला उत्तर माहीत नसते. मग ते डॉक्टरांच्या भेटीसाठी वेगळ्या पानावर उतरते. त्या पानावर सध्या पाच प्रश्न आहेत. एक प्रश्न आजीचा आहे, पण तो तिने अण्णांच्या नावावर लिहायला सांगितला आहे.

जखम भरायला सव्वा महिना लागला. तिथली कातडी अजून थोडी फिकट दिसते आणि आई रोज रात्री त्यांचे दोन्ही तळवे दिव्याखाली पाहते. मधली तपासणी ७.९ आली. पुढची येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे, आणि अण्णांनी वहीच्या मागच्या पानावर आलेखाचे अक्ष आधीच आखून ठेवले आहेत.