प्रत्येकाचा हिवाळा वेगळा

निबंधाच्या पुस्तकातला हिवाळा आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पावसाळा संपतो, धुके पसरते, गवतावर दवबिंदू चमकतात, लोक स्वेटर आणि कानटोप्या घालतात, ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात. आणि शेवटी 'म्हणून मला हिवाळा फार फार आवडतो.' तिसरी-चौथीच्या वह्या तपासताना एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलं तरी वाक्य तेच. ज्या पोराकडे स्वेटरच नाही तेही लिहितं, 'मी थंडीत लाल स्वेटर घालतो.' पोरगं खोटं बोलत नसतं. निबंधात स्वेटर लिहायचा असतो, एवढंच त्याला कळलेलं असतं.

माझ्या नोकरीत मला दोन हिवाळे राहायला मिळाले, म्हणून हा विषय माझ्या जवळचा. मी बीड जिल्ह्यातली. डी.एड. झाल्यावर २०१० साली शिक्षणसेवक म्हणून नेमणूक मिळाली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, एका वाडीवरच्या शाळेत. निघताना आईनं दोन वाकळा बांधून दिल्या. म्हणाली, "डोंगरातलं गाव हाय, थंडी आसंल." डिसेंबर आला, गेला. एक वाकळ अंथरायला वापरली, दुसरीची घडीसुद्धा मोडली नाही. पहाटे जरा गारवा यायचा, दहा वाजता ऊन असं चटकायचं की पोरं सावलीला पळायची. खोबरेल तेलाची बाटली हा माझा तिथला तापमापक होता. साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल घट्ट व्हायला लागतं. तिथं सकाळी बाटलीत थोडं पांढरं दिसायचं आणि शाळेची घंटा होईपर्यंत विरघळायचंही. आमच्याकडे डिसेंबरात ती बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब पडत नाही.

पण त्या एवढ्याशा गारव्याची वाट कोकणात सगळे किती बघत असायचे! वर्गातली पोरं सकाळी आल्या आल्या सांगायची, "बाई, आज बरी थंडी होती, आता मोहोर येणार." हापूसला मोहोर यायला थंडी लागते. थंडी लांबली की मोहोर लांबतो, आभाळ आलं की तुडतुड्यांचा त्रास वाढतो, आणि मग मे महिन्यात हातात काय येणार याची काळजी घराघरांत. तिथल्या पोरांचा हिवाळा म्हणजे आंब्याची कलमं, परसातले पावटे आणि कुळीथ. शेकोटी त्यांच्या निबंधात असायची, अंगणात क्वचितच.

पुढे आंतरजिल्हा बदली होऊन मी परत बालाघाटच्या डोंगरावर आले. इथली थंडी वेगळी. कोरडी, बोचरी. गालांना पांढरे चट्टे, ओठ फुटलेले, टाचांना भेगा. आठवडाभर दहाची शाळा बरी असते, पण शनिवारची सकाळची शाळा म्हणजे परीक्षाच. गणवेश शाळेतून मिळतो, त्यात स्वेटर नसतो. काही पोरं आईची ओढणी डोक्यावरून गुंडाळून येतात. काही जण दोन शर्ट घालतात, वरचा गणवेशाचा. थंडीत शनिवारचा परिपाठ आम्ही उन्हाच्या पट्ट्यात घेतो आणि ऊन सरकेल तशी रांग सरकते.

तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाहून भिंतीवर लावायचा साधा तापमापक आणला आणि चौथीच्या वर्गाला एक काम दिलं. डिसेंबरचे पंधरा दिवस रोज सकाळी तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. रत्नागिरीतल्या माझ्या जुन्या शाळेतल्या सहकारी बाईंनाही तसाच तापमापक घ्यायला लावला. रोज सकाळी फोनवर आकड्यांची देवाणघेवाण सुरू झाली. एका शनिवारी सकाळी साडेसातला आमच्याकडे ९ होते, त्यांच्याकडे १९. वर्गात एकदम गलका. "मॅडम, त्यांचा बिघडलाय!"

बिघडलेला नव्हता, हे पटवायला दोन ताटल्या पुरल्या. एकीत कोरडी माती, दुसरीत पाणी. दुपारभर उन्हात ठेवल्या, मग सावलीत आणून थोड्या थोड्या वेळाने तापमापक बुडवून बघितला. माती लवकर तापली आणि लवकर निवली. पाणी सावकाश तापलं आणि सावकाशच निवलं. रत्नागिरीच्या शेजारी एवढं मोठं पाणी आहे, ते दिवसाची ऊब धरून ठेवतं. आमच्याकडे नुसता दगड आणि माती, त्यात हिवाळ्यातलं निरभ्र आभाळ. जमिनीची ऊब रात्रीतून वर निघून जाते. ढग असते तर ते पांघरुणासारखे आड आले असते. हे सांगितल्यावर पोरांनी स्वतःच वहीत आणखी एक रकाना वाढवला, 'आभाळ कसं होतं'. ढगाळ रात्रीनंतरची सकाळ कमी गार असते हे त्यांनी चार दिवसांत माझ्याआधी सांगितलं. पाठ्यपुस्तकात हे आहेच, पण ताटलीत बोट बुडवून कळलेलं वेगळं.

मग वर्गाला नादच लागला. कोणाचा मामा मुंबईत, कोणाची आत्या नाशिककडे, प्रत्येकाला फोन. मुंबईचा मामा १८ अंशांत स्वेटर घालून बसलेला ऐकून आमची पोरं पोट धरून हसली. (मुंबईला मात्र फार हसू नका म्हणून सांगितलं. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता.) निफाडकडची आत्या म्हणाली की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. बागेला पाणीही देतात, कारण कडाक्याच्या थंडीत द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. बागेसाठी शेकोटी, माणसासाठी नव्हे! त्याच थंडीवर निफाडचा गहू मात्र खूश असतो. एकाच गावात एका शेताला थंडी हवी आणि शेजारच्या शेताला नको, हा मुद्दा पोरांना फार आवडला.

नकाशा काढलाच होता, तर महाराष्ट्राबाहेरही गेलो. तंजावरला मराठे राजांच्या काळापासून राहिलेली मराठी बोलणारी घरं आजही आहेत. त्यांच्याकडे आपला हिवाळा सुरू होतो तेव्हा पाऊस असतो, कारण तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्येकडून येतो. दिवाळीत छत्री! काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची कडक थंडी, तिला 'चिल्लई कलान' म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि शेवटी दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. हा 'बच्चा' वर्गात इतका गाजला की जानेवारीत थोडी थंडी कमी झाली की पोरं म्हणायची, "आज बच्चा हाय." तिथले लोक लांब सैल फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात आणि शाळांना उन्हाळ्यापेक्षा मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. सुट्टीचं ऐकून दोघा-तिघांनी काश्मीरला राहायला जायचं ठरवूनही टाकलं. पृथ्वीगोलावर खाली ऑस्ट्रेलिया दाखवला आणि तिथे जून-जुलैत थंडी असते म्हटल्यावर मात्र कोणाचा विश्वास बसेना. ते आम्ही पाचवीसाठी राखून ठेवलं.

आपल्याकडे शहरांत थंडीत स्वेटर विकायला तिबेटी लोक बसतात, ते पालकांनी पाहिले असतील. ते दरवर्षी तिबेटहून येतात असं बऱ्याच जणांना वाटतं. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. तिथली मुलं विदर्भाच्या हिवाळ्यात आणि विदर्भाच्या उन्हाळ्यातही वाढलेली आहेत.

हे सगळं छान चाललं होतं. पण आमच्या नकाशावर सर्वांत महत्त्वाचं ठिकाण दुसरंच होतं. चौथीच्या पटावर बावीस मुलं, आणि डिसेंबरात वर्गात बसलेली बारा. उरलेली दहा आईबापाबरोबर ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, गेल्याशिवाय गत्यंतर नसतं. कोणी कोल्हापूरकडं, कोणी सांगलीकडं, कोणी कर्नाटकात. गाड्या निघण्याआधी आम्ही शिक्षक घरोघरी जातो. मुलांना आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होते, असं सांगतो. काही ऐकतात. त्या वर्षी एका मुलीच्या घरी मी तीनदा गेले. हुशार पोरगी, भागाकार तिच्याइतका नीट वर्गात कोणी करत नव्हतं. आई शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमचं खरंय. पण धाकटा दीड वर्षाचा हाय. मी फडात गेल्यावर त्याला कोण बघंल? आजीला डोळ्यानं दिसत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, वह्या दिल्या, बापाचा फोन नंबर लिहून घेतला.

तापमापकाचं काम सुरू झाल्यावर वर्गातल्याच एकानं विचारलं, "मॅडम, तिला फोन लावू की. तिथं किती थंडी हाय ते कळंल." संध्याकाळी बाप कोपीवर आल्यावरच फोन लागायचा, म्हणून एका रविवारी शाळेजवळ राहणारी सात-आठ पोरं माझ्या घरी जमली आणि स्पीकर लावला. तिच्याकडे तापमापक कुठला असणार? फोनमधलं हवामान बघून तिच्या बापानं सांगितलं, पहाटे १४. आमच्याकडे त्याच सकाळी १० होते. पोरं जिंकल्यासारखी ओरडली, "आमच्याकडं जास्त थंडी!"

ती म्हणाली, "नाही, इथंच जास्त वाजती."

मग तिनं सांगितलं ते मी नंतर आठवून जसंच्या तसं वहीत उतरवलं. "आई-आप्पा पहाटं तीनला उठत्यात. मग मला जाग येती. कोपीला ताडपत्री हाय, पण खालून वारा येतो. रान भिजवलेलं आसतं, म्हणून खाली वल लागती. उसाच्या पानावर पाणी आसतं, आई येती तव्हा तिचा शर्ट वल्ला आसतो. पाचट लई हाय, पण आई कोपीपाशी पेटवू देत नाही, मागं एकाची कोपी जळाली. बाळाला मी पोटाशी धरते, मग दोघालाबी गरम हुतं."

आईचा शर्ट म्हणजे काय, असं शहरातल्या पालकांना वाटेल. उसाचं पान हाताला कापतं, म्हणून तोडणाऱ्या बायका साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात १४ मोठे की १० मोठे यावर खरी चर्चा झाली. कोणी म्हणालं, फोनमधलं हवामान गावचं असतं, फडातलं नसतं. हे बरोबरच होतं. कोणी म्हणालं, आपण उठतो सातला, ती उठते तीनला. एकजण बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "आमच्या घराला भिंती हायत." काश्मिरात पारा शून्याखाली जातो, पण त्यांच्याकडे फेरन आहे, कांगडी आहे, सुकवून ठेवलेल्या भाज्या आहेत, शाळेला सुट्टी आहे. सगळं आयुष्य त्या थंडीच्या तयारीनं बांधलेलं. कोपी बांधलेली असते चार-पाच महिन्यांसाठी, ऊस संपेपर्यंत. त्या दिवशी वहीत तिसरा रकाना आला, 'रात्री कुठे झोपलो'. तो मी सुचवलेला नव्हता.

कारखान्याचा पट्टा पडला आणि मार्चअखेर ती परत आली. भागाकार थोडा विसरली होती, आठवड्यात परत आला. एप्रिलच्या पेपरात नेमका 'हिवाळ्यातील एक सकाळ' हा निबंध होता. तिच्या पेपरात धुकं नव्हतं, दवबिंदू 'मोत्यांसारखे' नव्हते, स्वेटर नव्हता. वल होती, पाचट होतं, बाळ होतं. शेवटचं वाक्य होतं, 'बाळ झोपले की मी बाहेर येऊन ऊन यायची वाट बघते.' पेपर एकत्र तपासताना एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की यात निबंधाचे मुद्दे आलेले नाहीत, शुद्धलेखनही कच्चं, अर्धे गुण द्यावेत. शुद्धलेखनाचे गुण मीही कापले. मुद्द्यांवर मात्र आमचं बरंच वाजलं. मी एवढंच विचारलं की बाकी एकवीस पेपरांत कोणत्या गावाची सकाळ आहे ते ओळखून दाखवा. नाही ओळखता आलं. शेवटी मुख्याध्यापकांनी दोघांचं ऐकून तिला दहापैकी आठ दिले.

आता दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला मी शंभर पानी वही देते आणि तीन रकाने आखून देते. सकाळ कशी होती, आभाळ कसं होतं, रात्री कुठे झोपलो. तापमापक देणं परवडत नाही, आणि कोपीत तो टिकणारही नाही. पण मागच्या वर्षी दहापैकी सहा वह्या भरून परत आल्या. एकीचा वास अजून धुराचाच येतो. ती मुलगी आता सातवीत आहे. धाकटा अंगणवाडीत जातो, म्हणून यंदा ती आजीजवळ गावातच राहिली. शनिवारी सकाळी अंगणवाडीच्या दारात भावाला सोडून जाताना दिसते. अंगात आईचा तोच पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो.